पूर ओसरून पाच वर्षं झाली, उमेद आत्ता का संपली?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ता)

मी चिपळूणचा. बाजारपेठेत वह्या, पेनं, झेरॉक्स, लग्नपत्रिका असं छोटं दुकान आहे. वडिलांनी थाटलं, आता मी बसतो. एरवी इथं फक्त वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

२२ जुलै २०२१ ला दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. पुराचं पाणी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही. एकच सांगतो. वही पाण्यात फुगते. एक फुगली तर काही नाही, पण कपाटभर वह्या एकदम फुगल्या की त्या लोखंडाला भारी पडतात. तिसऱ्या दिवशी शटर उचकटून आत गेलो तेव्हा दोन कपाटांची दारं आतून ढकलल्यासारखी वाकली होती. वह्या ओढून निघेनात, शेवटी पहारीनं काढल्या. दुकानातला माल पहारीनं खणून काढायचा, हे वडिलांनी २००५ ला केलं होतं. मी २०२१ ला केलं.

तेव्हा मी अजिबात खचलो नाही, खरंच सांगतो. गाळ उपसला. मुलगी मोबाईलचा उजेड धरून उभी असायची. कुठून कुठून पोरं फावडी घेऊन आली, त्यांची नावंसुद्धा विचारायची राहिली. कर्ज काढलं, दिवाळीपर्यंत दुकान उभं केलं. लोक म्हणाले, कोकणी माणूस चिवट. मलाही ते ऐकून बरं वाटलं.

गेल्या महिन्यात त्या कर्जाचा शेवटचा हप्ता गेला. बायकोनं शिरा केला. आणि त्या दिवसापासून मला शटर वर करवत नाही. किल्ली लावतो, पायरीवर बसतो. पाऊण तास जातो. गिऱ्हाईक आलं की उठतो. सगळं वाईट होतं तेव्हा उभा होतो आणि आता काही झालेलं नसताना पाय गळालेत. मुलगी म्हणते दुकान उंचावर कुठंतरी हलवू या. मला तेही करवत नाही आणि 'नाही' म्हणवतही नाही.

तर प्रश्न असा. तुम्ही तुमच्या वाईट दिवसांत नेमकं काय केलंत? 'सकारात्मक राहा' नको. उगवत्या सूर्याचे फोटो मला रोज सकाळी सहाला येतात, त्यांचा साठा भरपूर आहे. केलेली गोष्ट सांगा, लहान असली तरी चालेल.

---

टपरीवरचा

पहिला!!

(सवयीनं टाकलं, मग धागा वाचला. माफ करा दादा. वाचतोय.)

---

निशिगंध

पाऊण तास पायरीवर बसणं फार ओळखीचं वाटलं. आई गेल्यानंतर वर्षभर मी ठीक होते. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यासमोर कोथिंबिरीची जुडी हातात धरून रडायला लागले. त्याला वाटलं भाव जास्त सांगितला. पाच रुपये कमी केले बिचाऱ्यानं.

---

भोपळे चौक

उमेद संपली म्हणजे कुठली? आमच्याकडं 'उमेद' म्हणजे बचत गटाचं सरकारी अभियान. ती मार्चअखेर संपते आणि एप्रिलात परत येते. :)

धागाकर्ते, हलकं घ्या. नीट प्रतिसाद घरी गेल्यावर.

---

लोहाऱ्याचा

मी धाराशिव जिल्ह्यातला. ३० सप्टेंबर १९९३ ला नऊ वर्षांचा होतो. गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे तीन छप्पन्नला किल्लारीच्या भूकंपानं जमीन हलली. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार म्हणून ज्या घराचं कौतुक, तेच अंगावर आलं. माझी आजी आणि धाकटी बहीण गेली.

त्यावर जास्त लिहीत नाही. तुम्ही जे विचारलंय, 'नंतर का', त्याबद्दल सांगतो.

पहिली दोन-तीन वर्षं पत्र्याच्या शेडात काढली. उन्हात तापायचं, पावसात बोलणं ऐकू यायचं नाही. पण त्या शेडात कोणी खचलेलं मला आठवत नाही. सगळेच तसले. कोणाच्या घरी चूल पेटली नाही तर शेजारची बाई विचारायची नाही, भाकरी आणून ठेवायची. मग पक्की घरं मिळाली. बावन्न गावं नव्या जागी बसवली, सरळ रस्ते, चौकोनी चौकोनी. ज्याची जेवढी जमीन त्या हिशेबानं घर. शेडातले शेजारी पांगले. माझे वडील घराची किल्ली घेतली त्या दिवसापासून गप्प झाले. भूकंपात नाही, शेडात नाही, स्लॅबच्या घरात आल्यावर. वर्षभर रात्री बाहेर बाज टाकून झोपायचे. लोक म्हणायचे, आता काय झालं, घर तर मिळालं की!

मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं. ते म्हणाले, "तवर मोजायला टाइम नव्हता रे. घरात बसलो आन् मोजाय लागलो, कोण कोण नाही ते."

तुमचा हप्ता संपला म्हणजे तुम्हाला किल्ली मिळाली असं मला वाटतंय. मोजणी आता चालू झाली असंल.

त्यांनी काय केलं तेही सांगतो. नव्या घरामागं त्यांनी एक खोली बांधली, पत्र्याची. सगळे हसले. पण ते त्यात जाऊन झोपायला लागले आणि बोलायलाही लागले. आई अजूनही झोपताना दाराकडं डोकं करती.

---

टपरीवरचा

'तवर मोजायला टाइम नव्हता.' हे वाचून चहा थंड झाला माझा.

---

खडूस_पेठकर

आमच्या घरचा अनुभव पानशेतचा, १२ जुलै १९६१. मी तेव्हा जन्मलो नव्हतो, त्यामुळं सगळं ऐकीव, पण इतक्या वेळा ऐकलंय की मीच वाहून गेलो होतो असं वाटतं.

आधी एक दुरुस्ती, कारण कोणीतरी करणारच. पानशेत धरण फुटलं आणि त्याच्या लोंढ्यानं खालचं खडकवासला फुटलं. पुण्याच्या नळाचं पाणी गेलं ते खडकवासला गेल्यामुळं. म्हणजे गाव पाण्यात बुडालं आणि दुसऱ्या दिवशी प्यायला पाणी नाही. लोक जुने हौद आणि विहिरी शोधत फिरले.

आमचं नदीकाठचं बिऱ्हाड पूर्ण गेलं. आजोबांना गोखलेनगरला अर्ध्या पिंपासारख्या पत्र्याच्या निसन हटमध्ये जागा मिळाली. त्यांनी तिथं पहिलं काय केलं असेल? पाटी लावली. आडनाव, खाली 'वेळेशिवाय येऊ नये'. आत एक सतरंजी आणि दोन पातेली! भेटायला यायला कोण होतं आणि आत न्यायला काय होतं? आजी म्हणायची, पण ती पाटी लागली आणि हे माणसात आले.

वाशिष्ठीकाठ, तुमच्या दुकानाची पाटी २०२१ नंतर नवी केलीत का? सहज विचारतोय.

---

वाशिष्ठीकाठ

@खडूस_पेठकर, नाही. जुनीच आहे, पुसून लावली. एक अक्षर गेलंय. सगळे बरोबर वाचतात म्हणून राहून गेलं.

@लोहाऱ्याचा, तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. काही बोलली नाही. रात्री म्हणाली, "तुम्ही मोजलंत का कधी?" नव्हतं मोजलं.

---

सरळरेषा

थोडं कडू बोलतो. 'चिवट' या शब्दाची मला चीड आहे. मुंबई तुंबली की दुसऱ्या दिवशी 'मुंबईचं स्पिरिट', कोकण बुडालं की 'चिवट कोकणी', विदर्भात माणसं मेली की 'सोसणारा शेतकरी'. ज्याला मदत करायची नाही त्याला विशेषण द्यायचं, असा हा हिशेब.

चिपळूणचंच घ्या. नदीत गाळ साठलाय हे २००५ पासून शेंबडं पोरही सांगत होतं. कोयनेची वीज पोफळीला झाली की ते पाणी वाशिष्ठीत येतं, म्हणजे नदीला उसंत नाही. २०२१ ला त्या पाण्याचा वाटा किती, यावर गावात अजून भांडणं होतात, त्यात मी पडत नाही. पण गाळ काढा म्हणून त्या डिसेंबरात लोकांना साखळी उपोषणाला बसावं लागलं, हे तर खरं ना? बसले तेव्हा यंत्रं हलली. मग नकाशावर पूररेषा आली, निळी रेषा, लाल रेषा. बाजारपेठेतल्या माणसाला कळेना की आपण पुरात आहोत की नकाशात.

तर धागाकर्ते, उमेद तुमची संपलेली नाही. ती पाच वर्षं दुसऱ्यांच्या वाटची कामं करण्यात खर्च झालीय.

---

मोरपंखी

सरळरेषा, मुद्दा बरोबर असेल, पण माणूस पायरीवर बसलाय आणि तुम्ही त्याला गाळाचं राजकारण सांगताय.

---

सरळरेषा

त्या पायरीवर गाळ होता म्हणून तो बसलाय.

---

भोपळे चौक

धाग्याचं काश्मीर होणार बहुतेक. शेंगदाणे घेऊन बसलोय.

---

संपादक

पक्ष आणि नेते यांची नावं येऊ लागली की धागा कुलूपबंद होईल. अजून आलेली नाहीत, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

---

गिरणगावचा नातू

मला आशेविरुद्ध बोलायचंय, चालेल ना?

माझे आजोबा लालबागला कापडगिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणूस बाहेर. आजोबांना खात्री होती की दिवाळीच्या आत मिटणार. पुढच्या वर्षीही खात्री होती. तो संप रीतसर कोणी मागे घेतलाच नाही. त्यामुळं 'संपला' असं म्हणायलाही जागा नाही. ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून नाक्यावर पेपर वाचायला जायचे. गिरणीचा पास खिशात. शेजारचे एक जण तीन महिन्यांत गावी जाऊन शेळ्या पाळायला लागले. लोकांनी त्यांना भित्रा म्हटलं. ते सावरले. आजोबा वाट बघत बसले ती सहा वर्षं.

घर आजीनं चालवलं. आधी तिची खानावळ होती, पण जेवणारे गिरणीवालेच. तेच गावी गेल्यावर जेवणार कोण? तिनं पापड लाटले, एका हॉटेलात पोळ्या केल्या. तिला संप मिटेल असं कधीच वाटलं नव्हतं. आजोबा तिला 'तुझ्या जिवाला आशाच नाही' म्हणून बोलायचे. आणि त्या बोलण्याच्या वेळी ते तिच्याच पोळ्या खात असायचे.

म्हणून मला 'आशा सोडू नका' हे ऐकलं की धडकी भरते. कसली आशा ते आधी बघा. आजोबांची आशा त्यांना खुर्चीत बसवणारी होती. आजीला उद्याचं पीठ दिसायचं, बस्स.

---

शब्दवेडा

आशेला साखळी म्हणणारं एक जुनं सुभाषित आहे. नवलाची साखळी म्हणे. बांधलेली माणसं पळत सुटतात आणि सुटलेली पांगळ्यासारखी बसून राहतात. गिरणगावच्या आजोबांनी ते उलटं करून दाखवलं.

धागाकर्त्यांच्या बाबतीत मात्र सुभाषित खरं वाटतंय. हप्ता हीच साखळी होती. पाच वर्षं पळवलं तिनं. सुटली आणि पाय गळाले.

---

वाशिष्ठीकाठ

शब्दवेडा, हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं. म्हणजे आता दुसरं कर्ज काढू? ;)

---

टपरीवरचा

दादा हसले! नोंद घ्यावी.

---

सातासमुद्रापार

मी न्यू जर्सीत. गेल्या वर्षी नोकरी गेली. इथं एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलं की नोकरी गेल्यापासून साठ दिवस मिळतात. दुसरी नोकरी नाहीतर बाडबिस्तरा. मी पहिले अठ्ठावीस दिवस रोज चौदा तास अर्ज भरले. एकोणतिसाव्या दिवशी बायकोनं लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, सकाळी नऊ ते एक अर्ज, त्यानंतर तू स्वयंपाक करायचास. मी चिडलो. पण वेळ बांधून दिल्यावर दुपारनंतरची भीती कमी झाली. भाकरी थापायला शिकलो. एकावन्नाव्या दिवशी नोकरी मिळाली. त्याचं श्रेय भाकरीला नाही, नशिबाला आहे. पण ते बावीस दिवस मी माणसासारखा जगलो, ते भाकरीमुळं.

---

कडूनिंब

न्यू जर्सीत दोन महिने पगार नाही आणि किल्लारीत घर अंगावर पडलं, एकाच धाग्यात. छान.

---

लोहाऱ्याचा

@कडूनिंब, राहू द्या हो. त्या माणसानं तुलना केलीच नाही, धाग्यात जे विचारलं ते सांगितलं. आमच्याकडं शेडात पण असंच व्हायचं, 'तुझी दोनच गेली, माझी चार.' त्यानं कुणाचं काही हलकं होत नव्हतं.

---

कडूनिंब

प्रतिसाद मागे घेतो. सातासमुद्रापार, माफी. आज माझाच दिवस वाईट होता.

---

सातासमुद्रापार

काही नाही हो. भाकरी शिकायची असेल तर कळवा.

---

फाईलवाली

मी यवतमाळकडची. मिस्टरांच्या कॅन्सरच्या उपचारासाठी अकरा महिने मुंबईत होते. दादरला गाडगेबाबांच्या धर्मशाळेत जागा मिळाली, नाहीतर परळच्या फुटपाथवरच राहावं लागलं असतं. कितीतरी लोक तिथंच राहतात.

आमच्या मजल्यावर आम्ही सात-आठ बायका. सकाळी फाईल छातीशी धरून जायचं, संध्याकाळी परत. कोणी सांगितलं नव्हतं, पण एक नियम पडून गेला होता. 'बरं होईल ना?' हे एकमेकींना विचारायचं नाही. 'आज काय खाल्लं?' एवढंच विचारायचं. अर्धी वाटी वरण गेलं म्हटलं की सगळ्या मजल्यावर आनंद. काहीच गेलं नाही म्हटलं की कोणीतरी लिंबू आणून द्यायची. पुढची तारीख कॅलेंडरवर लिहायची नाही, फक्त फाईलवर. फाईल मिटली की तारीख मिटली.

मिस्टर राहिले नाहीत. घरी परत आले. लोक म्हणाले, तू खूप खंबीर. मी खंबीर नव्हते, मला फक्त रोज काहीतरी उचलायला होतं. इथं आल्यावर हात रिकामे. फाईल अजून आहे माझ्याकडं, जाड झालीय. वर्षभर ती कपाटातून काढून सकाळी मांडीवर घेऊन बसायचे. तुमची पायरी, माझी फाईल.

मग धर्मशाळेतल्या एका बाईचा फोन आला. तिच्या गावाकडच्या कुणाला तरी परळला न्यायचं होतं. कुठं जायचं, आधी कुठला कागद, ते विचारत होती. मी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात अजून एक फोन. आता महिन्याला दहा-बारा येतात. मी काही संस्था नाही, मला रांगा माहीत आहेत एवढंच.

---

निशिगंध

फाईलवाली ताई, काय लिहू कळत नाही. नमस्कार.

---

रात्रपाळीचा डॉक्टर

धागा सुंदर चाललाय, तरी माझं काम मला केलं पाहिजे. वाशिष्ठीकाठ, थेट विचारतो. झोप लागते का? पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा लागत नाही असं होतं का? भूक? आवडीच्या गोष्टीत रस? 'जगून काय करायचं' असं मनात येतं का? यातलं काही दोन आठवड्यांहून जास्त रोजच्या रोज असेल तर ते पायरीवरचं चिंतन नसून आजार असू शकतो, आणि त्याला औषध आहे, बोलण्याचे उपचार आहेत. आपत्तीनंतर हे वर्षांनीही डोकं वर काढतं. जिल्हा रुग्णालयात दाखवता येतं. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. भाकरी, पाटी, पत्र्याची खोली सगळं करा, पण रक्तदाब वाढल्यावर जसं डॉक्टरकडं जाल तसं याच्यासाठीही जा. त्यात चिवटपणा दाखवू नका.

---

वाशिष्ठीकाठ

डॉक्टर, पहाटे जाग येते. पावसाळ्यात येतेच, आमच्या अख्ख्या आळीला येते, पाण्याचा आवाज ऐकायला. पण आता पाऊस नसतानाही येते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आहे. सोमवारी बायकोबरोबर जातोय.

---

रात्रपाळीचा डॉक्टर

बरं केलंत. सोमवारी संध्याकाळी इथं नुसती एक टिंबाची ओळ टाका, म्हणजे मला कळेल.

---

हळदीचं पोतं

सांगलीकर. काय सांगू भावा, तुमचं आणि आमचं पाण्याचं नातं एकच. आयर्विन पुलावर पंचेचाळीस फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टला पाणी सत्तावन्नच्या वर गेलं. आमच्या किराणा दुकानात साखर होती, तिचं नुसतं सरबत झालं. पोती राहिली, साखर गेली.

खरी गोष्ट पुढंच हाय. उधारीची वही भिजली. लगदा. एकशे ऐंशी घरांची उधारी त्यात. वडील म्हणाले, गेलं. मी म्हटलं आठवून लिहू. वडील म्हणाले, "न्हाई. ज्याचं त्यालाच आठवू दे." आणि दुकान उघडल्यावर गल्ल्याजवळ एक कोरी वही ठेवली, पेन बांधून. काही बोलायचं नाही, मागायचं नाही.

आले लोक. निम्म्यापेक्षा जास्त आले. एक म्हातारी आली, तिची दोनशेची उधारी असंल, तिनं वहीत पाचशे लिवलं. म्हटलं आज्जी चुकतंय. म्हणाली, "व्हय? मला पाचशेच आठवत्यात." जे आले न्हाईत त्यातले दोघं आजबी रस्ता बदलून जात्यात, मला बघून. मला त्यांचाच जास्त ताप वाटतो, एवढ्याशा पैशासाठी पाच मिनिटं लांबून चालत्यात.

दादा, तुमच्या उधारीचं काय झालं?

---

भोपळे चौक

आज्जी नाद खुळा.

आता माझा नीट प्रतिसाद. बहात्तरच्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला होती. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाल्ली. मी एकदा विचारलं, तेव्हा तुला कशानं धीर आला? ती म्हणाली, धीर बिर काय नव्हता, मुकादम चहा द्यायचा चार वाजता, त्याच्याकडं बघून तीन वाजायचे. मला ते भारी वाटतं. पण तिला मिलोचं नाव काढलेलं मरेपर्यंत चाललं नाही, तेही सांगतो.

---

पुस्तकी किडा

थोडं अवांतर. चिपळूणचं १८६४ सालचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर २००५ ला बुडालं आणि २०२१ ला परत. दोन्ही वेळा लोकांनी पुस्तकं उचलली. ज्यांच्याकडं भिजलेली पुस्तकं किंवा फोटो आहेत त्यांच्यासाठी सांगतो. उन्हात टाकू नका, कागद वेडावाकडा होतो. सावलीत, पंख्याखाली, पानांमध्ये टीपकागद घालून उभं ठेवा आणि टीपकागद बदलत राहा. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर वाळायच्या आत स्वच्छ पाण्यात ठेवून सोडवा, वाळल्यावर सुटत नाहीत.

---

मोरपंखी

आणि चिपळूण आगाराच्या त्या व्यवस्थापकांची आठवण कोणी काढली नाही अजून? आगाराची नऊ लाखांची रोकड घेऊन एसटीच्या टपावर नऊ तास बसून होते. चहूकडं पाणी.

---

सरळरेषा

काढली नाही कारण मला परत तेच म्हणावं लागेल. त्या माणसाला साष्टांग नमस्कार. पण नऊ तास त्यांना तिथून काढायला कोणी का पोचलं नाही, हा प्रश्न कौतुकात वाहून जातो.

---

मोरपंखी

या वेळी सहमत.

---

वाशिष्ठीकाठ

.

(डॉक्टर, हे तुमच्यासाठी. गोळी दिलीय, पंधरा दिवसांनी परत बोलावलंय. डॉक्टरीणबाईंचं माहेर खेर्डीचं, त्यांच्याही घरात पाणी होतं. अर्धा वेळ आम्ही त्याबद्दलच बोललो.)

---

वाशिष्ठीकाठ

आज सविस्तर लिहितो.

बायकोच्या म्हणण्यावरून मोजलं. दोघं जेवण झाल्यावर बसलो. काय काय गेलं ते एका कागदावर लिहिलं. माल, कपाटं, झेरॉक्सची दोन यंत्रं हे विम्याच्या कागदावर होतंच. जे तिथं नव्हतं ते लिहिलं. वडिलांच्या अक्षरातली १९८० पासूनची बिलबुकं. बायकोच्या लग्नाचा अल्बम, घरी ओल येते म्हणून मीच दुकानाच्या माळ्यावर ठेवला होता. (पुस्तकी किडा, वाळायच्या आत सोडवायचे हे तेव्हा माहीत नव्हतं.) मुलीची पहिली ते सातवी बक्षिसं. आणि वडील. ते पुरात गेले नाहीत, त्यानंतर आठ महिन्यांनी गेले, झोपेत. पण बायकोनं कागदावर त्यांचं नाव लिहिलं आणि मी काही बोललो नाही. २००५ ला त्यांनी एकट्यानं पहार मारली होती. २०२१ ला त्यांना खुर्चीत बसून बघावं लागलं. मी त्यांना म्हणालो होतो, "तुम्ही नका मध्ये येऊ." हे मी पाच वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं.

हळदीचं पोतं, तुम्ही उधारीचं विचारलंत. आमचीही वही गेली. आम्ही कोरी वही ठेवली नाही, तेवढं मन मोठं नाही माझं. मी आठवून अठ्ठावीस नावं लिहिली होती. एकोणीस जणांनी दिले. एका शाळेच्या शिपायांनी मी लिहिलं होतं त्यापेक्षा नव्वद रुपये जास्त दिले आणि म्हणाले, वडिलांना विचारा, त्यांना माहीत आहे. वडील तेव्हा होते. त्यांना विचारलं, तर म्हणाले, "त्याचं काही नव्हतंच." म्हणजे त्या माणसाची उधारीच नव्हती. मीच चुकून नाव लिहिलं होतं. तो तरी देऊन गेला, वर नव्वद.

हे मी विसरलो होतो. धागा काढला नसता तर आठवलंच नसतं.

दुकान हलवायचं की नाही ते ठरलेलं नाही. मुलगी आणि मी रविवारी दोन जागा बघून आलो. एक खूप उंचावर आहे. तिथं पाणी येणार नाही आणि गिऱ्हाईकही. दुसरी बरी आहे, भाडं जड आहे. बघू.

खडूस_पेठकर, पाटी रंगवायला टाकलीय.

---

खडूस_पेठकर

उत्तम. शुद्धलेखन तपासून घ्या. रंगाऱ्यांचा भरवसा नसतो.

---

लोहाऱ्याचा

दादा, वडिलांचं लिहिलंत ते बरं झालं. आमचे वडील त्या पत्र्याच्या खोलीत एकदाच बोलले असं नाही, मधून मधून बोलायचे. तुमचं बी होईल तसं.

---

फाईलवाली

ती शिपायांची गोष्ट मी आज तीन जणांना फोनवर सांगितली.

---

हळदीचं पोतं

त्या शिपायांचे नव्वद परत केले का न्हाई?

---

वाशिष्ठीकाठ

दोनदा गेलो. घेत नाहीत. त्यांची नात आता आठवीत आहे, तिला दरवर्षी वह्या मी देतो. त्यावरही भांडण होतं. यंदा अजून द्यायच्या राहिल्यात. शाळा सुरू होऊन महिना झाला आणि मी पायरीवर.

---

टपरीवरचा

दादा, मग उठा की! आठवीला दोनशे पानी लागते का शंभर?

---

वाशिष्ठीकाठ

दोनशे पानी, एकरेघी सहा, चौकटीची एक. काढून ठेवतो उद्या सकाळी.